मुलाची उंची वाढत नाहीये, लहानपणच्या आजारपणामुळे का?

प्राजक्त_११:
कृपया लवकर सांगा. मुलगा वर्गात सगळ्यात बुटका आहे. दीड वर्षाचा असताना सहा महिने सारखे जुलाब, काहीच अंगी लागत नव्हतं. तेव्हा खुंटलेली उंची आता भरून निघते का? टॉनिक कोणतं द्यावं?

रानवाट:
आता वय काय? उंची किती? तुमची दोघांची किती? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

उंचझोका:
रोज दहा मिनिटं दांड्याला लटकू दे. माझा भाचा दोन वर्षांत चार इंच वाढला.

रानवाट:
भाचा तेरा-चौदाचा असणार. त्या वयात मुलगे न लटकताही तेवढे वाढतात. हाडं टोकांजवळच्या ग्रोथ प्लेटमध्ये वाढतात, ओढून नाही.

उंचझोका:
डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतोय.

मोरपीस:
पोटातले नऊ महिने आणि पुढची दोन वर्षं फार नाजूक. पहिल्या वर्षी बाळ साधारण २५ सेंमी वाढतं, दुसऱ्या वर्षी १२. नेमके तेव्हाच जुलाब लागले की अन्न नीट शोषलं जात नाही, भूक मरते, वाढ मागे पडते. माझ्या धाकटीचं हेच झालं. बरी झाल्यावर तिने बरीच कसर भरून काढली, सगळी नाही.

सावली_दुपार:
उंचीचं सोडा, वजन बघा. माझी मुलगी मोबाइल बघत जेवते, वजन वाढतंय. काय करू?

रानवाट:
ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा ना.

प्राजक्त_११:
नऊ पूर्ण. तो १२२ सेंमी, मी १५६, हे १७०. दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करतो. आधीच्या खुणांमध्ये चार बोटं मावतात, शेवटच्या दोनमध्ये जेमतेम दोन. मोजलं, ३ सेंमी.

रानवाट:
अहो, हेच आधी सांगायचं! मुलाची मोठेपणीची अंदाजे उंची काढायला दोघांच्या उंचीत १३ मिळवून निम्मे करा: १६९.५. साधारण ८ सेंमी इकडेतिकडे धरा. म्हणजे घराण्यात फार बुटकेपणा नाही. या वयात वर्षाला ५-६ सेंमी वाढ हवी. बरे झालेले जुलाब आत्ताचा वेग एवढा कमी करतील असं मला वाटत नाही. थायरॉइड, ग्लुटेनचा त्रास, ग्रोथ हार्मोन हे तपासायला हवं. बालरोगतज्ज्ञांकडे जा, टॉनिक नको. हाडांचं वय, म्हणजे हाडं किती वयाच्या मुलाएवढी वाढलीत ते, बघायला डाव्या हाताचा एक्स-रे काढतात.

उंचझोका:
लगेच एक्स-रे कशाला? आधी सकाळी पुन्हा मोजा.

मोरपीस:
हे मात्र बरोबर. दिवसभरात मणके दबून उंची सेंटीमीटरभर कमी भरते. अनवाणी, टाचा भिंतीला, डोक्यावर जाड पुस्तक आडवं ठेवून मोजा. पण डॉक्टरांकडे जाणं टाळू नका.

प्राजक्त_११:
आज सकाळी १२२.३ भरली. शुक्रवारची वेळ घेतली. बाळपणचं कार्ड सापडलं, दोन वर्षांपर्यंतच्या नोंदी आहेत त्यात. मी अंगावर पाजणं लवकर थांबवलं होतं, त्यामुळे तर नसेल?

मोरपीस:
तो दोष स्वतःकडे घेऊ नका. कार्ड न्या, आणि चौकटीवरच्या खुणांचे आकडेही तारखांसकट लिहून न्या.