नर माशात अंडपेशी: म्हणून नदीतला मासा संपतो का?

पाणतपासणी
इंग्लंडच्या नद्यांत सांडपाणी केंद्रांच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या नर रोच माशांच्या वृषणात अंडपेशी सापडतात, हे 1998 साली समोर आलं. संशय गर्भनिरोधक गोळीतल्या एथिनिलइस्ट्राडायॉल या कृत्रिम स्त्री-संप्रेरकावर आणि लघवीतून येणाऱ्या इस्ट्रोन, इस्ट्राडायॉल या नैसर्गिक स्त्री-संप्रेरकांवर. यांच्यामुळे नराचं यकृत अंड्यातल्या बलकाचं प्रथिन, व्हिटेलोजेनिन, बनवू लागतं. मादीत ते गाभोळीत जातं. नरात गाभोळीच नाही, म्हणून ते रक्तात साचतं आणि मूत्रपिंडाला इजा करतं.

माझं म्हणणं: मोठ्या केंद्रांना ओझोन किंवा सक्रिय कोळशाचा टप्पा सक्तीचा करा. स्वित्झर्लंडमध्ये 2016 पासून हे सुरू झालंय. आपल्याकडे बीओडी, सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाईल याची मापं) तपासून पाणी सोडतात, संप्रेरकं कोणी मोजतच नाही.

खाडीकाठ
सक्तीला माझा विरोध. अंडपेशी दिसणं वेगळं आणि वंश खुंटणं वेगळं. त्याच रोच माशांचा डीएनए तपासलेला 2014 चा अभ्यास बघा: सांडपाण्याने भरलेल्या पट्ट्यातही पिढ्यानपिढ्या त्यांची पैदास चालू आहे, बाहेरून मासा न येता. पंचगंगेसारख्या नदीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या खाली गेला की नर काय आणि मादी काय, दोन्ही मरतात. पैसा आधी तिथे लागला पाहिजे.

पाणतपासणी
रोच दहा-दहा वर्षं जगतो, म्हणून तग धरतो. आणि 2011 च्या प्रयोगात नर एकत्र सोडून पिल्लांचं पितृत्व तपासलं, तेव्हा सर्वांत जास्त बाधित नरांचा वाटा 76 टक्क्यांपर्यंत घटलेला निघाला.

अल्पायुषी माशाचं काय होतं ते कॅनडात ऑन्टारिओच्या 'तलाव 260'मध्ये दिसलं. 2001 ते 2003, सलग तीन उन्हाळे तिथे लिटरमागे 5 ते 6 नॅनोग्रॅम एथिनिलइस्ट्राडायॉल राखलं. फॅटहेड मिनो हा मासा जेमतेम दोन-तीन वर्षांचा. नवी पिल्लं येईनाशी झाली, जुने मासे मेले आणि तलाव जवळजवळ रिकामा झाला. त्यांच्यावर जगणारे लेक ट्राउटही घटले.

खाडीकाठ
तो डोस बघा ना! बहुतेक नद्यांत हे रसायन 1 नॅनोग्रॅमच्या आत असतं. शिवाय टाकणं थांबवल्यावर काही वर्षांत मिनो परतले.

पाणतपासणी
एकटं मोजलं तर 1 च्या आत. पण इस्ट्रोन, इस्ट्राडायॉल आणि डिटर्जंटमधून येणारं नॉनिलफिनॉल यांचा परिणाम एकत्र होतो. आणि तलावात डोस थांबला म्हणून मिनो परतले, नाल्याचं पाणी कधी थांबतं?

गाळवय
दोघांनीही एक गोष्ट सोडली: टाकीतल्या गाळाचं वय, म्हणजे घाण खाणाऱ्या जिवाणूंचा गाळ केंद्राच्या टाकीत किती दिवस ठेवतात ते. संप्रेरकं शरीरातून बाहेर पडतात ती बहुतांशी निष्क्रिय रूपात. गटारातले जिवाणू त्यांना जोडलेला साखरेचा भाग तोडतात आणि ती पुन्हा सक्रिय होतात. टाकीत गाळ 10 दिवसांहून जास्त राखला, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होईल इतका, तर इस्ट्राडायॉल 90 टक्क्यांहून जास्त नाहीसं होतं, इस्ट्रोनही बरंच. 4-5 दिवसांत गाळ काढून टाकला तर दोन्ही निसटतात. हवा पुरेशी दिली की अमोनियाही याच टाकीत उतरतो, आणि नवं यंत्रही लागत नाही.

पाणतपासणी
मान्य, पण गोळीतलं रसायन टाकीत चिवट असतं, ते पुरेसं जात नाही. त्याला ओझोनच हवा: पाण्यातल्या दर ग्रॅम विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनमागे 0.6 ते 0.8 ग्रॅम, आणि त्यानंतर वाळूची गाळणी.

खाडीकाठ
आणि पाण्यात ब्रोमाइड असेल तर? खाडीलगतच्या शहरांत गळक्या गटारांत खारं पाणी शिरतं, तिथे ओझोनने ब्रोमेट हे घातक रसायन तयार होतं. अशा ठिकाणी लिटरमागे 10 ते 20 मिलिग्रॅम कोळशाची पूडच चालेल. तेही आधी मोजून. पाणी काचेच्या बाटलीत घ्या, प्लॅस्टिकमधून बिस्फिनॉल हे स्त्री-संप्रेरकासारखं वागणारं रसायन उतरू शकतं. नर मासे पिंजऱ्यात घालून 21 दिवस केंद्राच्या खाली ठेवा, तितकेच वरच्या अंगाला. रक्त लगेच बर्फावर ठेवा, नाहीतर व्हिटेलोजेनिन तुटतं आणि आकडा खोटा कमी येतो. दोन्हीकडे फरक निघाला तर त्या केंद्रापुरता माझा विरोध मागे.