लिंक-लोकल पत्ता मॅक पत्त्यावरूनच ठरावा का?

मूळ मत

आयपीव्ही६मध्ये (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीत) प्रत्येक जोडणीला ‘एफई८०’ने सुरू होणारा लिंक-लोकल पत्ता, म्हणजे फक्त त्याच स्थानिक जाळ्यात (लिंकवर) चालणारा पत्ता, लागतोच, आणि राउटरची वाट न पाहता ऑपरेटिंग सिस्टीम तो स्वतः ठरवते. जुनी रीत अशी, की ४८ बिटांच्या मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाच्या) मधोमध ‘एफएफएफई’ हे १६ बिट घालायचे, पहिल्या बाइटमधला एक बिट उलटा करायचा आणि मिळालेले ६४ बिट पत्त्याच्या उत्तरार्धात ठेवायचे. लिनक्स कर्नल इथरनेटवर (तारेच्या जाळ्यावर) सेटिंग न बदलल्यास आजही हेच करतो; विंडोज मात्र व्हिस्टापासून तिथे यादृच्छिक आकडा ठेवते. माझ्या मते लिंक-लोकलपुरती जुनी रीतच बरी. हे पत्ते असलेली पॅकेट राउटर पुढे पाठवत नाही आणि त्याच लिंकवरच्या यंत्रांना मॅक पत्ता तसाही दिसतो, मग लपवायचे कोणापासून? उलट, नुसता पत्ता पाहून तो कोणत्या कार्डाचा आहे हे कळणे, ही बिघाड शोधणाऱ्याची मोठी सोय आहे.

प्रतिसाद १

असहमत. पॅकेट बाहेर जात नाही, पण लॉगमध्ये (यंत्राच्या नोंदींमध्ये) लिहिलेला पत्ता लॉगबरोबर कुठेही जातो. तरीही माझा मुख्य आक्षेप स्थैर्याचा आहे. यंत्रे डिफॉल्ट गेटवे (बाहेर जाणारी पॅकेट ज्याच्याकडे द्यायची तो पत्ता) म्हणून राउटरचा लिंक-लोकल पत्ताच वापरतात. राउटरचे कार्ड बदलले की आपल्या रीतीने तो पत्ता बदलतो आणि जिथे गेटवे हाताने लिहिला आहे तिथली जोडणी तुटते. २०१४च्या आरएफसी ७२१७ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग), इंटरफेसची (यंत्राच्या नेटवर्क जोडणीची) ओळख, गुप्त किल्ली आणि एक गणक यांवरून पत्ता काढतात. ओळख म्हणून इंटरफेसचे नाव घेतले, तर कार्ड बदलूनही पत्ता टिकतो. तो पत्ता आधीच कोणी घेतला असल्यास गणक वाढवून दुसरा काढता येतो. मॅकवरून काढलेल्या पत्त्याला ही पळवाट नाही: असा लिंक-लोकल पत्ता दुसऱ्याकडे आढळला, तर त्या इंटरफेसवरचा आयपी व्यवहारच थांबवावा, असे आरएफसी ४८६२ सांगते.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

थांबवावा हेच योग्य आहे. एकाच लिंकवर दोन सारखे मॅक पत्ते आले, तर स्विचलाच (यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या पेटीला) फ्रेम (माहितीचा तुकडा) कोणत्या पोर्टकडे द्यावी हे नीट कळत नाही. तिथे आयपी पत्ता बदलून मूळ दुखणे झाकले जाते, इतकेच. राउटरला तर ‘एफई८०::१’ असा पत्ता हाताने देता येतो. आणि किल्लीचे स्थैर्यही डिस्कवर अवलंबून आहे. सिस्टीम नव्याने बसवताना किल्ली गेली की पत्ताही गेला. व्हर्च्युअल मशीनची (सॉफ्टवेअरने चालवलेल्या आभासी संगणकाची) प्रत काढताना किल्लीही प्रतीत आली, तर दोघींचा पत्ता एकच निघू शकतो, आणि मग तो कोणाला मिळणार हे आधी कोण सुरू झाले यावर ठरते.

प्रतिसाद २

दोघेही तारेने जोडलेल्या सर्व्हरचाच विचार करत आहात. वाय-फायवर अनेक फोन आता प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा, बनावट मॅक पत्ता वापरतात. त्यावरून काढलेला पत्ता कोणत्याच कार्डाची ओळख देत नाही, म्हणजे मूळ मतातली सोय तिथे उरतच नाही. जुन्या आयपीव्ही४मध्ये हा वाद फारसा होत नाही, कारण तिथल्या ‘१६९.२५४’ने सुरू होणाऱ्या लिंक-लोकल पत्त्यांसाठी आरएफसी ३९२७ मॅक पत्ता केवळ यादृच्छिक निवडीचे बीज म्हणून सुचवते: तेच यंत्र बहुधा त्याच पत्त्यावर परतते, पण पत्त्यावरून कार्ड ओळखता येत नाही. सर्व्हरवर मात्र मी मॅकवरचा पत्ताच ठेवीन, कारण तिथे कार्ड बदलल्याचे लगेच दिसलेले मला हवे असते.