डर्बीचे २१ गुण कापले. शिक्षा नेमकी कुणाला झाली?

डर्बीकर:
नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त बरीच वर्षं डर्बीत राहतो, इथल्या डर्बी काउंटी या फुटबॉल क्लबचं सीझन तिकीट आहे. २०२१-२२ चा हंगाम अजून मनातून जात नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, म्हणजे कर्ज फेडता येईना म्हणून कारभार बाहेरच्या प्रशासकाकडे गेला, आणि त्याची शिक्षा म्हणून लीगच्या तक्त्यातले १२ गुण गेले. नोव्हेंबरमध्ये आणखी ९ गेले, कारण आधीच्या वर्षांत खेळाडू विकत घेतल्याचा खर्च हिशेबात वर्षावर्षांवर चुकीच्या पद्धतीने वाटून दाखवला होता. प्रशिक्षक वेन रूनीच्या हाताखाली अकादमीतली पोरं जीव तोडून खेळली, मैदानावर ५५ गुण कमावले आणि तक्त्यात ३४ दिसले. आम्ही खालच्या श्रेणीत घसरलो. त्या पोरांनी ना कर्ज काढलं होतं, ना हिशेब लिहिले होते. मग गुण त्यांचेच का कापायचे? हा कुठला न्याय?

सेंटर हाफ:
तुमचं दुःख कळतं, पण एकदा डर्बीच्याच श्रेणीतल्या वायकॉम्ब क्लबच्या बाजूने बघा. मे २०२१ मध्ये डर्बी ४४ गुणांवर वाचली आणि वायकॉम्ब ४३ गुणांवर खाली गेलं. एका गुणाने! डर्बीचे ते ९ गुण सहा महिने आधी कापले असते, तर वायकॉम्ब टिकलं असतं.

आणि कर्जात बुडाल्यावर गुण कापायचा नियम आला कशातून? लेस्टर क्लब २००२ मध्ये नवं स्टेडियम बांधून अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेलं, देणी कमी करून घेतली आणि त्याच हंगामात वर चढून प्रीमियर लीगमध्ये पोचलं. वेळच्या वेळी बिलं भरणारे क्लब खालीच राहिले. त्यानंतर २००४ मध्ये १० गुण कापायचा नियम झाला, पुढे त्याचे १२ झाले. शिक्षा नसेल तर कर्ज बुडवणं हाच वर चढायचा सोपा रस्ता होईल.

छापखाना:
गुणांवर तुम्ही दोघं भांडताय, तर मी तिसऱ्या माणसाबद्दल बोलतो. मिडलँड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मध्य भागात, माझं छपाईचं छोटं दुकान आहे. एका क्लबची कामं करायचो, नाव घेत नाही: मॅचची पुस्तिका, तिकिटांचे पाउच, स्पॉन्सरचे बॅनर. बिलांचे पैसे आधी महिन्याने यायचे, मग दोन महिन्यांनी. मग तिथल्या अकाउंट्सच्या बाई फोनच घेईनात. आणि एक दिवस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं जाडजूड पाकीट आलं.

त्यात ज्यांचं येणं आहे त्यांची यादी असते. ती मी रात्री जेवण सोडून वाचली. पावाचा पुरवठादार, खिडक्या धुणारा, मिनीबसवाला, गवताचं बी देणारा, आणि मध्येच माझं दुकान. माझे सहा हजार पौंडांच्या आसपास अडकले होते. कागदाच्या व्यापाऱ्याला मी ते कधीच चुकते केले होते, आणि पोराला पगारही दिला होता. हातात शेवटी पौंडामागे काही पेन्स पडले.

त्याच यादीत खेळाडू आणि दुसरे क्लब वेगळ्या रांगेत होते. त्यांचं येणं पूर्ण द्यावंच लागतं, नाहीतर लीग क्लबला खेळू देत नाही. फुटबॉलमधल्यांची देणी आधी, असा तो नियम. करखात्याने तो कोर्टात नेला आणि २०१२ मध्ये हरलं. पोर्ट्समाऊथ क्लब २०१० मध्ये बुडाला तेव्हा मॅचला प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभ्या राहणाऱ्या सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सच्या स्वयंसेवकांचेही सुमारे २,७०० पौंड त्यात अडकले होते. दोन वर्षांपूर्वी एफए कप जिंकलेला क्लब हो! बाकीच्यांना पौंडामागे २० पेन्स द्यायचं ठरलं, तेही हप्त्यांनी. आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये क्लब पुन्हा अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये. लाखोंचा करार असलेल्या स्ट्रायकरला पूर्ण पैसे आणि प्रथमोपचारवाल्यांना पाचवा हिस्सा, हे मला कधीही पटणार नाही.

डर्बीकर:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण डिसेंबर २०२० पासून करखात्याला अशा प्रकरणांत पुन्हा वरचा नंबर मिळाला ना? मग परिस्थिती सुधारली असेल.

छापखाना:
करखात्याची सुधारली, आमची नाही. व्हॅट आणि पगारातून कापलेला कर आता आमच्या आधी जातो, म्हणजे आम्ही आणखी एक पायरी खाली. बरा नियम एकच आहे: आमच्यासारख्यांना पौंडामागे किमान २५ पेन्स, किंवा तीन वर्षांत ३५, मिळाले नाहीत तर क्लबचे आणखी १५ गुण जातात. त्या धाकानेच नवा मालक खिशात हात घालतो. म्हणून डर्बीकर, गुण कापण्याचा तुम्हाला राग आहे आणि मला तोच एक आधार वाटतो.

पुणे ते ईवूड:
आमचा ब्लॅकबर्न क्लब पुण्याच्या वेंकीज या कोंबडीपालन कंपनीकडे २०१० पासून आहे. दरवर्षीचा तोटा मालकच भरतात, आणि भारतातून पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली तेव्हा पोटात गोळा आला होता. विगन क्लब आठवतो? २०२० मध्ये नवा मालक आला आणि महिनाभरात, १ जुलैला, क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये. ५९ गुण कमावून, १२ कापून घेऊन खाली गेले. एका माणसाच्या मर्जीवर अख्खा क्लब चालत असेल, तर खरी चौकशी क्लब विकत देतानाच व्हायला हवी.

छापखाना:
अगदी बरोबर. २०२५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये स्वतंत्र नियामक आलाय, क्लबना परवाना लागणार आणि मालकाचे पैसे कुठून येतात ते तपासलं जाणार. चांगलंच आहे. माझी मागणी त्याहून साधी आहे: दहा हजार पौंडांच्या आतली स्थानिक देणी खेळाडूंच्याच रांगेत ठेवा आणि पूर्ण फेडा. क्लबच्या एकूण कर्जापुढे ती रक्कम किरकोळ असते. आणि डर्बीकर, २०२२ मध्ये तुमचा क्लब घेणारे डेव्हिड क्लाऊज तिथलेच, लहानपणापासूनचे समर्थक. असा माणूस प्रत्येक गावाला मिळत नाही, म्हणून हे नियमातच लिहिलेलं हवं.