शिकागोच्या पाइप शोला पहिल्यांदाच जातोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मे महिन्यात शिकागोजवळ भरणाऱ्या पाइप शोला, म्हणजे तंबाखू ओढायच्या पाइपांच्या प्रदर्शनाला, जायचं ठरलंय. इथल्या किंवा आणखी कुठल्या पाइप शोला आपल्यापैकी कुणी गेलंय का?

सोबत मोठ्या काकांचा पीटरसन (आयर्लंडच्या पीटरसन कंपनीचा पाइप) न्यायचाय. ते मर्चंट नेव्हीत होते. पाइप सिस्टिम प्रकारातला आहे, म्हणजे तळाशी ओल साठायला खळगी आणि धूर जिभेवर न येता टाळूकडे वळवणारं तोंड. (१८९० च्या दशकातल्या पेटंटांची ही रचना आजही चालते, मला तिचं फार कौतुक आहे.) लाकडावर ‘मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ स्पष्ट वाचता येतं. चांदीच्या कड्यावर डब्लिनचे, चांदीची शुद्धता दाखवणारे ठसेही आहेत. बसलेली हायबर्निया (आयर्लंडचं प्रतीक असलेली स्त्री) आणि वीणा ओळखू येते, पण वर्ष सांगणारं अक्षर भिंगाखालीही नीट लागत नाही. तेच कुणा जाणत्या संग्राहकाकडून वाचून घ्यायचंय.

आता खरी अडचण. व्हल्कनाइटची (कडक रबराची) नळी हिरवट-पिवळी पडलीय आणि आत काजळीचा जाड थर आहे. नेण्याआधी साफ करू, की आहे तसाच दाखवू? चांदीला पॉलिश लावून उरलेलं अक्षरही पुसलं जाईल, या भीतीने मी हात लावलेला नाही. विकायचा मुळीच नाही.

शिवाय टेबलावरचा पाइप न विचारता उचलून पाहिलेला चालतो का? आणि निवांत गप्पा मारायला कोणती वेळ बरी?