सहकाऱ्याच्या ‘हो’चा अर्थ कसा लावावा? आंतरसांस्कृतिक संवाद शिकण्याविषयी प्रश्न

प्रश्न

गेल्या चार महिन्यांपासून मी जपान आणि जर्मनी येथील सहकाऱ्यांबरोबर एका प्रकल्पावर काम करीत आहे. एका बैठकीत जपानी सहकारी माझ्या प्रत्येक मुद्द्यावर ‘हो’ म्हणत होते, म्हणून वेळापत्रक मंजूर झाले असे समजून मी पुढची कामे वाटून दिली. दोन आठवड्यांनी कळले की त्यांच्या विभागाची संमती मुळात मिळालेलीच नव्हती. याउलट जर्मन सहकाऱ्याने माझ्या मसुद्यातील चुका सर्वांसमक्ष एकेक करून दाखविल्या आणि मी दुखावलो, परंतु नंतर त्यानेच वरिष्ठांकडे त्या मसुद्याची शिफारस केली. अशा वेळी प्रत्येक देशाचे शिष्टाचार पाठ करावेत, की आधी शिकण्यासारखे आणखी काही आहे?

उत्तर १

शिष्टाचारांच्या याद्या पाठ करू नयेत, असे माझे मत आहे. त्या परीक्षेपुरत्या बऱ्या. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये ‘हाय-कॉन्टेक्स्ट’ आणि ‘लो-कॉन्टेक्स्ट’ असा जो भेद मांडला, तो आधी समजून घ्यावा. काही समाजांत अर्थाचा मोठा भाग प्रसंग, नाते आणि न बोललेल्या गोष्टी यांत असतो, तर काही समाजांत जे सांगायचे ते शब्दांत सांगितलेच पाहिजे, अशी अपेक्षा असते. हॉल यांच्या मांडणीत जपान पहिल्या टोकाकडे आणि जर्मन भाषक समाज दुसऱ्या टोकाकडे येतात, त्यामुळे आपले दोन्ही अनुभव एकाच सूत्रात बसतात.

जपानी संभाषणातला ‘हाय’ हा होकारार्थी शब्द पुष्कळदा ‘मी ऐकतो आहे’ एवढेच सांगतो. आपण बोलणाऱ्याला ‘हं, हं’ म्हणतो, तसे. शिवाय तेथे बैठकीपूर्वीच संबंधितांशी एकेकट्याने बोलून संमती जमविण्याची पद्धत आहे. तिला ‘नेमावाशी’ म्हणतात. झाड दुसरीकडे लावण्याआधी त्याच्या मुळांभोवती तयारी करणे, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. ही तयारी झाली नसेल, तर बैठकीत निर्णय होण्याची अपेक्षा ठेवणेच चूक होते.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र एक सावधगिरी सुचवितो. या विषयात हॉलइतकेच डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टेड यांचे नाव येते. त्यांनी आयबीएमच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांचा आधार घेऊन सत्तेतील अंतर (म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठ भेद कितपत स्वीकारला जातो), अनिश्चितता टाळण्याची वृत्ती, व्यक्तिवाद इत्यादी निकष ठरविले आणि त्यांवर देशांना गुण दिले. एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांवरून संपूर्ण राष्ट्राविषयी बोलता येते का, हा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो मला रास्त वाटतो. हे आकडे देशांच्या सरासरीचे आहेत, समोरच्या व्यक्तीचे नव्हेत, हे स्वतः हॉफस्टेड यांनीही सांगितले होते. आपल्या जर्मन सहकाऱ्याचा रोखठोकपणा हा त्याचा स्वभाव असेल, त्याच्या पेशाची सवय असेल किंवा त्या दिवशीची घाईही असेल. देशाच्या नावावरून काढलेला अंदाज तपासून पाहावा, त्याला निष्कर्ष मानू नये.

उत्तर ३

मोठ्या सिद्धान्तांपेक्षा लहान गोष्टींनी मला अधिक वेळा अडचणीत आणले आहे. ०३/०४ ही तारीख अमेरिकेत ४ मार्च होते आणि युरोपातील बहुतेक देशांत ३ एप्रिल, म्हणून महिना अक्षरांत लिहावा. जर्मन पद्धतीने लिहिलेले १.५०० म्हणजे दीड हजार, दीड नव्हे. चिनी, जपानी आणि हंगेरियन नावांत आडनाव आधी येते. आपले नाव कसे घ्यावे, हे संबंधितांनाच विचारावे, त्यात कमीपणा नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. परंतु ‘तुम्ही खरोखर सहमत आहात का?’ असे विचारले, तर समोरच्यावर अविश्वास दाखविल्यासारखे होणार नाही का?

उत्तर १

होईल, शिवाय त्याचे उत्तरही पुन्हा ‘हो’ असेच येईल. ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देताच येणार नाही, असा प्रश्न विचारावा: ‘हे वेळापत्रक ठरण्यापूर्वी आणखी कोणी पाहायला हवे?’ किंवा ‘यात सर्वांत आधी कोणती अडचण येईल?’ हा प्रश्न बैठकीच्या दोन-तीन दिवस आधी, त्या सहकाऱ्याला एकट्याला पाठवावा, म्हणजे त्याला स्वतःच्या विभागात विचारण्यास वेळ मिळेल आणि सर्वांदेखत नकार देण्याची वेळ येणार नाही. बैठकीनंतर कोणते मुद्दे ठरले आणि कोणते अद्याप उघडे आहेत, याचे टिपण ई-मेलने पाठवून त्यात दुरुस्ती मागावी. जर्मन सहकाऱ्यालाही तेच टिपण चालेल; त्याच्या दुरुस्त्या मात्र बहुधा सर्वांना प्रत पाठवूनच येतील, तेवढी तयारी ठेवा.