‘मर्यादित शासन’मधलं ‘मर्यादित’

परळवाली:
स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी लोकशाही आणि संविधानावरची टिपणं मराठीत करतेय. ‘लिमिटेड गव्हर्नमेंट’ला मी ‘मर्यादित शासन’ लिहिलं. अभ्यासिकेतल्या एका मुलीने उत्तर लिहिलं, ‘ज्याची जबाबदारी मर्यादित असते ते मर्यादित शासन.’ हे कुठून आणलंस विचारलं, तर म्हणाली, मॅडम, आमच्या बिल्डिंगच्या पाटीवर आहे ना, ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’. पप्पा सेक्रेटरी आहेत, त्यांनीच अर्थ सांगितला.

पप्पांचं काही चुकलं नाही. संस्था बुडाली तर सभासदाचं देणं त्याच्या भागापुरतंच. पण शासनाला तो अर्थ लावला की सगळं उलटं होतं. तिथे मर्यादा सत्तेला असते, जबाबदारीला नाही. मुलगी हुशार आहे, शब्द माझा चुकला. दुसरा सुचवा, रविवारी झेरॉक्सला द्यायचं आहे.

काळाघोडा_वकील:
शब्द राहू द्या, उदाहरण द्या. अनुच्छेद 22 घ्या. अटक केली की प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. रिमांडच्या कागदात माझी पहिली नजर अटकेच्या वेळेवर जाते. तिथे 9.40 आहे की 10.40, यावर वाद घातलेत मी. मर्यादा म्हणतात ती हीच. अनुच्छेद 13 सुद्धा सांगा: मूलभूत हक्क हिरावणारा कायदा राज्याने करायचा नाही, आणि केलाच तर विरोध असेल तेवढ्यापुरता तो रद्दबातल.

मुलुंडची_माहेरवाशीण:
मला ‘मर्यादा’च खटकते. ‘मर्यादेत राहा’ हे घरात कोणाला ऐकवतात? सुनेला, वयात आलेल्या मुलीला. नेहमी वरच्याने खालच्याला. संविधानात तर लोक सत्तेला बजावतात. सरळ ‘सत्तेला वेसण’ म्हणा, मुलांना पटकन कळेल.

मोडीवाला:
ताई, माझी आजी देवगडची. ‘समुद्र मर्याद सोडत नाही’ म्हणायची. समुद्र काय कोणाचा खालचा आहे? मर्यादा म्हणजे सीमा, बांध. वेसण म्हटली की ती धरणारा मालक आला. बांध मालकालाही ओलांडता येत नाही.

माझ्या मते अडचण ‘शासन’मध्ये आहे. ‘गुन्हेगाराला कडक शासन झालं पाहिजे’ म्हणतो तेव्हा शासन म्हणजे शिक्षा. शिलाहारांच्या ताम्रपटांना ताम्रशासन म्हणतात, तिथे शासन म्हणजे राजाने कोरून दिलेली आज्ञा. या शब्दात पहिल्यापासून बोलतो तो राजाच. त्यापेक्षा ‘सनदशीर राज्यकारभार’ किती छान आहे.

निवृत्त_अनुवादक:
सनद अरबी आहे. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो कशासाठी? फारसी-अरबी शब्दांना आपले प्रतिशब्द मिळावेत म्हणूनच ना? ‘संविधानाधीन शासन’ लिहा. शुद्ध आहे आणि अर्थ कुठे सांडत नाही.

काळाघोडा_वकील:
काका, मी ज्यावर पोट भरतो ती वकिलीची सनदच आहे. ताईंच्या मुलांना व्हायचंय ते सनदी अधिकारी. 25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं की सनदशीर मार्ग खुले असताना कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह बाजूला ठेवा. इथे ‘संविधानाधीन मार्ग’ घालून एकदा मोठ्याने वाचून पाहा.

निवृत्त_अनुवादक:
वाचलं. जड आहे, कबूल. पण सनद देतो कोण? राजा, सरकार, म्हणजे वरचाच कोणीतरी. शासनावर मोडीवाल्यांनी जो आक्षेप घेतला तोच सनदेलाही लागू आहे. आपलं संविधान कोणी वरून दिलेलं नाही. उद्देशिकेची सुरुवात ‘आम्ही, भारताचे लोक’ आणि शेवट ‘स्वतःप्रत अर्पण’. देणारे आपण आणि घेणारेही आपण. आयुष्यभर सरकारी मराठी लिहिलं, पण ‘स्वतःप्रत’सारखा शब्द माझ्या हातून एकदाही उतरला नाही.

परळवाली:
काका, या ‘स्वतःप्रत’चं काय सांगू! माझ्या वर्गातली अर्धी मुलं त्याचा अर्थ ‘स्वतःची प्रत’ सांगतात, म्हणजे कॉपी. शाळेत परिपाठाला वर्षानुवर्षं म्हटलंय, तरीही.

मूळ शब्दाचं म्हणाल तर मोडीवाल्यांचा बांध मला पटला. केशवानंद भारती खटला शिकवताना तो उपयोगी पडेल. 24 एप्रिल 1973, 13 न्यायमूर्ती, 7 विरुद्ध 6 असा निकाल. संसदेला घटनादुरुस्ती करता येते, पण मूलभूत संरचना मोडता येत नाही. दुरुस्तीच्या अधिकारालाही बांध आहेच. पण ‘बांधबंदिस्त शासन’ असं तर लिहिता येणार नाही!

मुलुंडची_माहेरवाशीण:
मुलांना ‘निष्कर्षाप्रत येणे’ दाखवा, ‘स्वतःप्रत’ लगेच कळेल. प्रत म्हणजे कडे, पर्यंत.

मोडीवाला:
अर्जाच्या डोक्यावर ‘प्रति,’ लिहितो तेच हे. संस्कृत ‘प्रति’.

निवृत्त_अनुवादक:
आणि कॉपी या अर्थाची प्रत? तीही ‘प्रति’मधूनच आली असेल, तर मुलं फार लांब गेलेली नाहीत.

काळाघोडा_वकील:
पण मग ‘उत्तम प्रतीचा तांदूळ’ म्हणतो, ती प्रत कुठली?