पट्टा पडला तरी मुकादम सोडत नाही

प्रश्न: बीडहून ऊसतोडीला गेलेलं जोडपं. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, तरी उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटली नाही म्हणून मुकादमाने (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने) फडावरच, म्हणजे उसाच्या शेतावरच, अडवलंय. काय करावं?

उत्तर १: आधी माणसं सोडवा. वेठबिगारी निर्मूलन कायदा, १९७६ खाली जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या: उचल किती, कधीपासून काम, कोण अडवतंय. मुक्तता प्रमाणपत्र (वेठबिगारीतून सोडवल्याचा सरकारी दाखला) मागाच. वेठबिगारीचं कर्ज कायद्यानेच संपतं. ते कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायचं उचल देणाऱ्याने.

उत्तर २: हिशेबही धरा. मजुरी टनावर, म्हणून प्रत्येक खेपेची काट्याची (वजनाची) पावती हवी. ती मुकादमाकडेच राहते आणि टनेज तिथेच गळतं. खाडे (गैरहजेरीबद्दल कापलेले पैसे) तारखेनिशी तपासा. बाई आजारी पडली तरी अख्ख्या कोयत्याचा (म्हणजे जोडप्याचा) खाडा लावतात, हे फार क्रूर आहे.

उत्तर १: बरोबर. पावत्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा.